आमची विचारी गाडी

आमच्या मोटारीला विचार करायची सवय आहे हे मला पहिल्यांदा कळलं, तेव्हा मला तिचा अभिमान वाटला होता. हल्ली विचार करून पाऊल उचलणारं घरात कुणी उरलेलं नाही. मुलगा फोनवर बोलता बोलता जमीन विकायला काढतो, सून मनात आलं की सोफा बदलते, आणि मी स्वतः विचार करतो तो पाऊल उचलून झाल्यावर. अशा घरात एक वस्तू तरी अशी आली की जी, पाय दाबला तरी लगेच धावत सुटत नाही. थांबते, मनाशी काही ठरवते आणि मग निघते. गाडी संस्कारी वाटली. पुढं या संस्कारांपायी आम्ही उभयता ट्रकखाली जायचे राहिलो, तो भाग वेगळा.

तर ही गाडी आमच्याकडे आली ती माझ्या डाव्या गुडघ्यामुळं. चौतीस वर्षं उभं राहून विज्ञान शिकवल्यावर गुडघ्यानं असहकार पुकारला. क्लच दाबला की गुडघ्यातून असा आवाज येई, की मागच्या सीटवरचा माणूस गिअर पडला म्हणून निश्चिंत होई. मुलगा पुण्याला असतो. त्यानं नवी गाडी घेतली आणि जुनी, बिनक्लचची, आम्हाला दिली. "बाबा, ऑटोमॅटिक आहे. डाव्या पायाला काही कामच नाही." मला तो पाय माझ्याआधी रिटायर झाल्यासारखं वाटलं.

गाडी कुठल्या कंपनीची ते सांगत नाही. एक तर त्यात कंपनीचा दोष नव्हता, आणि दुसरं म्हणजे आमच्या गावात मोटारीची जात विचारण्याची पद्धतच नाही. जात विचारायची ती बैलाची. देवणी म्हटलं की परगावच्या माणसाला आधी बैल आठवतो आणि मग गाव. पांढराशुभ्र असेल तो बाळंक्या, तोंडावर काळं असेल तो वानेरा, अंगभर काळे पांढरे ठिपके असतील तो शेवरा. एवढं शिकलं की देवणीत चारचौघांत बसता येतं. ज्या गावाच्या नावानं जनावराची एक अख्खी जात देशभर ओळखली जाते, तिथं मोटारीचं कौतुक ते किती होणार?

तरी गाडी बघायला माणसं आली. चहाच्या हॉटेलातली संध्याकाळची सगळी बैठक आमच्या दारात हलली. क्लच नाही हे पाहून एकदोघांनी खाली वाकून, कुठं पडलाबिडला असेल म्हणून शोधला. माझा मेहुणा बैलांच्या बाजारात मुरलेला माणूस. त्यानं गाडीला एक फेरी मारली, टायरवर थाप मारली आणि म्हणाला, "दाजी, क्लच न्हाई, तर गिअर टाकतंय कोण?"

"गाडीच टाकते."

"आन् तिला कळतंय कधी टाकायचा ते?"

या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. पुढं चार महिने मी त्याच प्रश्नाच्या मागं हिंडत होतो.

*

सुरुवातीचे दिवस चांगले गेले. अॅक्सिलरेटर दाबला की गाडी किंचित थबके, मान तुकवल्यासारखं करी आणि चालू लागे. मुलानं सांगितलंच होतं, "बाबा, या गाड्या थोड्या अशाच असतात." मीही फारसं मनावर घेतलं नाही. उशिराची आम्हा मराठवाड्याच्या लोकांना सवय आहे. देश स्वतंत्र झाला 15 ऑगस्ट 1947 ला. आमच्याकडे निजामाचं राज्य होतं, त्यामुळं दिल्लीत दाबलेला अॅक्सिलरेटर आम्हाला लागू पडला तो 17 सप्टेंबर 1948 ला. म्हणजे तेरा महिन्यांनी. 1956 पर्यंत आम्ही बीदर जिल्ह्यात होतो, मग उस्मानाबादेत, 1982 पासून लातुरात. एवढे जिल्हे जागचं न हलता पाहिलेलं गाव आहे हे. तालुका व्हायला 1999 साल उजाडलं. मी स्वतः 1979 साली स्कूटरचा नंबर लावला आणि स्कूटर आली 1986 ला. तेव्हा दोन सेकंदांचं काय घेऊन बसलात!

पण दिवाळीला आम्ही दोघं पुण्याला गेलो, नातीच्या आग्रहानं दोन महिने राहिलो, आणि परत आल्यावर गाडीचं विचार करणं फारच वाढलं. पाय दाबावा, इंजिनानं घसा खाकरावा, आणि पुढं काहीच होऊ नये. मग एकाएकी, दूरच्या नातेवाइकाला उशिरा कळल्यासारखं, गाडीनं पुढं झेप घ्यावी. मी पुढच्या गाडीच्या मागं जाऊन पोचायचो तेव्हा ती गाडी वळणापलीकडं गेलेली असायची.

आणि मग ती उदगीरची गोष्ट झाली. जानेवारीचा महिना. सौभाग्यवतीच्या डोळ्यांत घालायचे थेंब आणायला गेलो होतो. पेट्रोल भरून मोठ्या रस्त्यावर वळायचं होतं. डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं, एक ट्रक होता पण चांगला लांब होता. पाय दाबला. गाडी पुढं सरकली, बरोबर रस्त्याच्या मधोमध आली, आणि विचारात पडली.

मी पाय पार बुडापर्यंत नेला. गाडी चिंतन करत होती. ट्रक येत होता. सौभाग्यवतीनं माझ्याकडं पाहिलं नाही, ट्रककडंही पाहिलं नाही. तिनं डोळे मिटले. ट्रकवाल्यानं हॉर्न आणि ब्रेक दोन्ही एकदम दाबले, आणि मग त्यानं गाडी डावीकडं काढून आम्हाला जे ऐकवलं, ते मी चौतीस वर्षांत आठवी 'क'ला सुद्धा ऐकवलेलं नाही. त्यानंतर आमची गाडी निघाली.

घरी येईपर्यंत बायको एक शब्द बोलली नाही. दारात उतरली, थेंबांची पिशवी घेतली आणि म्हणाली, "आता मी एस्टीनं जात जाईन."

तेवढंच. पण सदतीस वर्षं एस्टीच्या रांगेत उभं राहिल्यावर मिळालेली गाडी होती ती.

रात्री मुलाचा फोन. हे त्याला कुणी कळवलं ते अजून कळलेलं नाही. मेहुण्यावर संशय आहे. "बाबा, गाडी विकून टाकू. आणि खरं सांगू का, आता तुम्ही दोघं इकडंच या. सातवा मजला आहे, लिफ्ट आहे, दवाखाना खालीच आहे." मी म्हणालो, गाडीत दोष आहे. तो म्हणाला, "बाबा, गाडी माझ्याकडं तीन वर्षं होती. काही दोष नव्हता." पुढचं तो बोलला नाही. चांगला मुलगा आहे. पण मी मास्तर माणूस, वाक्यातली गाळलेली जागा मला बरोबर भरता येते. गाडीत दोष नाही. तर मग दोन सेकंद उशीर करतंय कोण?

म्हणजे प्रश्न आता पिकअपचा राहिला नव्हता. गाडी दोषी ठरली तर आम्ही देवणीत. मी दोषी ठरलो तर सातव्या मजल्यावर, लिफ्टसह. बायकोच्या गोठ्यात एक गाय होती, दोन महिने शेजाऱ्यांच्या भरवशावर ठेवून आलेली. ती काही लिफ्टमध्ये मावण्यातली नव्हती.

*

दुसऱ्या दिवसापासून मी गाडीची तपासणी सुरू केली. म्हणजे गावानंच सुरू केली.

हॉटेलातल्या बैठकीत पहिलं निदान 'पेट्रोलमध्ये भेसळ' असं झालं. दुसऱ्यानं प्लग सांगितले. तिसऱ्यानं, नजर लागली, लिंबू-मिरची बांधा, असं सांगितलं. विज्ञानाच्या शिक्षकाला हे सांगणं म्हणजे काय. पण संध्याकाळी पाहतो तर बंपरला लिंबू-मिरची बांधलेली होती आणि बायको गोठ्यात गवत टाकण्यात मग्न होती. मी ती सोडली नाही. विज्ञानानं कुठल्याही शक्यतेकडं पाठ फिरवू नये.

मेहुण्याचं म्हणणं निराळंच होतं. "दाजी, आपल्या जातीचा बैल कसा असतो बगा. शेपटीला हात लावायचं कामच न्हाई. कासरा जरा ढिला केला की निघालाच. ह्याला म्हणायचं पिकअप. तुमची गाडी म्हातारी झाली. बाजारात दात बघून घेतलं असतं तर ही वेळ आली नसती."

गावातल्या मिस्त्रीनं प्लग काढून पुसले, परत बसवले. फरक पडला नाही. म्हणून मोठ्या शहरातल्या एका भल्या थोरल्या वर्कशॉपात गाडी नेली. कोणतं शहर आणि कोणतं वर्कशॉप हे विचारू नका. काचेचं दार, थंडगार हवा, कॉफी, आणि मला 'सर' म्हणणारा एक चुणचुणीत मुलगा. त्यानं गाडीच्या पोटाला वायर जोडली, हातातल्या पाटीसारख्या यंत्रात पाहिलं आणि म्हणाला, "सर, एकही एरर कोड नाही."

"पण पाय दाबला की अडीच सेकंदांनी गाडी हलते."

"सर, ऑटोमॅटिकला तसं असतं." मग आवाज खाली आणून, अतिशय आदरानं, "सर, वयोमानानुसार थोडं पेडल दाबताना... म्हणजे सवय व्हायला वेळ लागतो."

या आदरासकट बिल आलं. बिलात 'एअर फिल्टर : तपासणी व सफाई' अशी एक ओळ होती. ही ओळ ध्यानात ठेवा. मी ठेवली नाही, आणि फसलो.

*

घरी आलो तो अपमानानं पेटून. रात्री झोप येईना. उठून कपाटातून फूटपट्टी काढली.

हा प्रयोग मी नववीला दर वर्षी घेत असे. एकानं पट्टी वरून उभी धरायची, दुसऱ्यानं खाली शून्याच्या खुणेजवळ बोटं उघडी ठेवायची. पहिल्यानं न सांगता पट्टी सोडायची, दुसऱ्यानं ती चिमटीत पकडायची. पट्टी जितकी घसरली त्यावरून माणसाला किती उशीर लागला हे काढता येतं. पडणारी वस्तू न्यूटनच्या हिशेबानं पडते, तिला वयाची भीडमुर्वत नसते. पंधरा सेंटिमीटर घसरली तर सुमारे 0.17 सेकंद, वीस घसरली तर 0.20, पंचवीस घसरली तर 0.23.

बायकोला उठवलं. रात्री साडेअकराला, डोळ्यांत थेंब घातलेल्या अवस्थेत, तिनं काहीही न विचारता पट्टी धरली. चाळीस वर्षांच्या संसाराचं हे फळ. दहा वेळा केलं. माझी सरासरी चोवीस सेंटिमीटर आली, म्हणजे 0.22 सेकंद. मग न्याय म्हणून तिचीही घेतली. एकोणीस. म्हणजे 0.20.

"म्हणजे मी तुमच्यापेक्षा बरी चालवीन," ती म्हणाली आणि झोपायला गेली.

सकाळी शेजारच्या दहावीतल्या पोराला बोलावलं. त्याची सोळा आली, 0.18. वहीत मांडणी केली. माझ्यात आणि पोरात फरक सेकंदाच्या पंचविसाव्या हिश्शाचा. ताशी साठच्या वेगानं येणारा ट्रक एका सेकंदाला सोळा-सतरा मीटर येतो, म्हणजे माझ्या म्हातारपणाच्या वाट्याला दोन तृतीयांश मीटर, सव्वादोन फूट. आणि गाडीच्या अडीच सेकंदांत तोच ट्रक येतो सुमारे 42 मीटर. क्रिकेटच्या दोन खेळपट्ट्या एकापुढं एक ठेवल्या तरी चाळीसच मीटर होतात! पट्टीवर पकडायला बोट आणि पेडल दाबायला पाय, हा फरक मला मान्य आहे. पण कुणाचाही पाय 42 मीटर लांब नसतो.

निर्दोष सुटलेल्या आरोपीसारखा मी अंगणात फिरलो. आता खरा आरोपी पकडायचा होता.

मग मी हे यंत्र समजून घ्यायला लागलो. जुन्या स्कूटरचा कारभार सोपा होता. मूठ पिरगाळली की वायर ओढली जाई, वायरीनं कार्बोरेटरचं दार उघडे, की निघाली. वायर तुटे, म्हणून शहाणा माणूस एक जादा वायर हँडलजवळ आधीच घालून ठेवी. उशीर असा प्रकारच नव्हता. एक तर स्कूटर लगेच जाई, नाहीतर जातच नसे. या नव्या गाडीत पेडलला वायरच नाही. पेडलमध्ये दोन सेन्सर बसवलेले असतात आणि पाय किती दाबला हे दोघंही कॉम्प्युटरला वेगवेगळं कळवतात. दोन साक्षीदारांची साक्ष जुळली तर कॉम्प्युटर एक छोटी मोटर फिरवून इंजिनाचं हवेचं दार उघडतो. जुळली नाही तर खटला तहकूब. गाडी रांगत घरी नेण्यापुरती चालू ठेवतो. म्हणजे मी पेडल दाबतो तेव्हा गाडीला हुकूम देत नाही. अर्ज करतो!

शिवाय ऑटोमॅटिक म्हणजे सगळ्या एक जातीच्या नव्हेत, हेही कळलं. अमेरिकेत 1940 च्या ओल्ड्समोबिलपासून तेलाच्या दाबावर चालणारा खरा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आला, तो लोण्यासारखा चालतो आणि लोण्यासारखाच पैसे खातो. आपल्याकडं 2014 च्या फेब्रुवारीत मारुतीच्या सेलेरिओबरोबर स्वस्तातली जी तऱ्हा आली, आणि मग इतरांनीही उचलली, तिच्यात गिअरबॉक्स साधाच, हातानं टाकायचा. क्लचही साधाच. फक्त तो दाबायला आणि गिअर टाकायला आत एक यंत्र बसवलेलं. म्हणजे गाडीत एक अदृश्य ड्रायव्हर असतो. तो क्लच दाबतो, गिअर काढतो, दुसरा टाकतो, क्लच सोडतो, आणि हे सगळं होईतो चाकांकडं जोर जात नाही. आमचीही त्याच घराण्यातली. मेहुण्याच्या प्रश्नाला इतक्या दिवसांनी उत्तर मिळालं.

आता दोष इंजिनात की त्या अदृश्य ड्रायव्हरात, हे कसं ओळखायचं? मला सुचलं आणि मी स्वतःवर खूश झालो. गाडी न्यूट्रलला उभी करायची आणि नुसती रेस द्यायची. इंजिन लगेच ओरडलं तर ते बिचारं निर्दोष, उशीर गिअरबॉक्सचा. इंजिनच उशिरा ओरडलं तर गोम हवेत, पेट्रोलात किंवा पेडलात. गोठ्यात उभ्या गाडीवर प्रयोग केला. पेडल दाबलं. इंजिन... आळस दिला, आणि मग ओरडलं. गाय दचकून उभी राहिली.

पुढचे आठ दिवस मी दोनशे पानी वहीत नोंदी केल्या. सकाळी थंड असताना, दुपारी, एसी चालू, एसी बंद, चढावर, उतारावर, एकटा असताना, मेहुणा असताना. (मेहुणा असताना उशीर जास्त. त्याचं वजन पंच्याण्णव किलो.) तक्ते काढले, आलेख काढला. ही वही काखेत मारून मी उदगीरच्या एका जुन्या गॅरेजवर गेलो. तिथले चाचा सत्तरीच्या घरातले, पांढरी दाढी, कानाला बिडी लावलेली. पूर्वी ट्रकची कामं करत. आता मुलगा मोटारी बघतो आणि चाचा मुलाकडं बघतात.

मी वही उघडून वाचायला सुरुवात केली. चाचांनी दुसऱ्या पानाला हात वर केला.

"गुरुजी, कब से हो रा ऐसा?"

मी वही चाळली. त्यात वेळ होती, तापमान होतं, वजन होतं. ही एक नोंद नव्हती. "पुण्याहून आल्यापासून," मी म्हणालो.

"पुना गाडी लेके गये थे?"

"नाही. गाडी इथंच होती. दोन महिने उभी."

"कां लगाते गाडी?"

"गोठ्यात."

चाचा मुलाकडं बघून हसले. मुलगाही हसला. चौतीस वर्षं वर्गासमोर उभं राहिलेल्या माणसाला हे हसू ओळखता येतं. सगळ्या वर्गाला उत्तर आलेलं असतं आणि फक्त फळ्याजवळच्या पोराला आलेलं नसतं.

मुलानं बोनेट उघडलं, एका काळ्या डब्याच्या चार चिमट्या काढल्या. चिमट्यांवरची धूळ पाहून एवढं नक्की कळत होतं, की त्यांना बऱ्याच दिवसांत माणसाचा हात लागलेला नाही. थंडगार वर्कशॉपाच्या बिलातली ती ओळ आठवली. डब्याचं झाकण उघडलं आणि आतून एक उंदीर असा बाहेर आला, की तसा पिकअप मी आयुष्यात कुठल्या गाडीला पाहिलेला नाही.

डबाभर घरटं होतं. इंजिन ज्या वाटेनं श्वास घेतं, तिथंच. कडब्याची बारीक पाती, गोधडीचा कापूस, आणि वातींचा पांढरा कापूस, जो महिनाभर सापडत नव्हता आणि ज्यावरून आमच्याकडं भांडी घासणाऱ्या बाईंना बायकोनं, बोलली नसली तरी, चारदा पाहिलं होतं. खाली कुरतडलेल्या कागदांचा थर. गोठ्याच्या माळ्यावर मी जुन्या उत्तरपत्रिकांचा एक गठ्ठा ठेवला आहे, टाकवत नाही म्हणून. त्यातला एक तुकडा चाचांच्या मुलानं चिमटीनं उचलला. लाल शाईतलं माझंच अक्षर होतं. पोरं उत्तर लिहीत आणि का ते लिहीत नसत, तिथं मी समासात एकच शब्द लिहायचो. "कारण?"

चाचांना मराठी वाचता येतं. त्यांनी तो तुकडा पाहिला आणि बिडी पेटवायची थांबवली. "गुरुजी, सवाल भी तुमारा, जवाब भी इसी डब्बे में!"

फिल्टर काढला तर गोणपाटासारखा झालेला. नवा बसवला. त्याच्यापुढचं हवेचं दार, ज्याला ते थ्रॉटल बॉडी म्हणतात, तेही उघडलं. कडेनं चुलीच्या भिंतीसारखी काजळी. फवारा मारून पुसून काढली. मी विचारलं, कॉम्प्युटरनं मग दोष का नाही दाखवला? चाचा म्हणाले, कॉम्प्युटर विचारतो ते सेन्सरला, आणि सेन्सर सगळे जिवंत होते. हवा कमी येते म्हणून त्यानं पेट्रोल कमी दिलं, त्याच्या हिशेबानं सगळं बरोबर. नाक चोंदलेल्या माणसाची नाडी बघितली तर नाडी चांगलीच लागणार, असं त्यांचं म्हणणं.

मग इंजिन घटकाभर नुसतं चालू ठेवलं. "उसको समझने दो," चाचा म्हणाले, "इतने दिन अंधे की तरह चलाया बिचारेने." मी न्यूट्रलला रेस दिली. इंजिन ताबडतोब ओरडलं. कितीतरी दिवसांनी मला कुणी इतक्या तत्परतेनं उत्तर दिलं होतं.

गाडी चालवून पाहिली तर अडीच सेकंदांतलं पाऊण-एक उरलंच होतं. ते चाचांनी हातात घेतलं नाही. "वो अंदर का आदमी है ना, गिअर डालनेवाला. वो तुमारे जैसाच है गुरुजी, पेन्शनर. उसको गाली नक्को देव." मग कान धरल्यासारखं करून त्यांनी मला शिकवलं. ओव्हरटेक करायच्या आधीच, पुढं जायची वेळ आली असताना नव्हे, दांडा बाजूला ओढून हाती गिअर घ्यायचा आणि एक खाली टाकायचा. मग पाय दाबायचा. त्याला जे ऐन वेळी करावं लागतं ते आपण आधी करून ठेवायचं. मोठ्या रस्त्यावर वळताना पाय एकदम बुडाला न्यायचा नाही, थोडा देऊन गाडी चालती झाली की मग द्यायचा. आणि गाडी गोठ्यात लावायची नाही.

पैसे फिल्टरचे आणि फवाऱ्याचे घेतले. निदानाचे घेतले नाहीत. मी वही ठेवून जाऊ का विचारलं, नक्को म्हणाले.

*

रात्री मुलाला फोन केला. उंदीर सांगितला, पट्टी सांगितली, 42 मीटर सांगितले. तिकडून आवाज येईना. मला वाटलं लाइन गेली. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "बरं." आणखी थोड्या वेळानं म्हणाला, "पट्टीचं काय ते परत सांगा." पलीकडं नातीचा आवाज येत होता, आणि काहीतरी लाकडी जमिनीवर पडल्याचा. त्याची किती सेंटिमीटर आली हे त्यानं मला अजून सांगितलेलं नाही. सातव्या मजल्याचा विषयही त्या फोनमध्ये निघाला नाही. पुढच्या निघेल.

गाडी आता अंगणात, कडुनिंबाखाली असते. मेहुण्यानं कुठूनसं एक मांजर आणून दिलं आहे. आणताना त्याचे दात पाहिले होते, असं त्याचं म्हणणं. गठ्ठा अजून माळ्यावरच आहे. बंपरची लिंबू-मिरची वाळून गेली, तशीच आहे. ती काढायची कुणाची हिंमत नाही, आणि हॉटेलातल्या बैठकीचं ठाम मत असं, की गुण तिचाच आला.

बायको मात्र एस्टीनंच जात होती. मी दोन आठवडे एकटाच उदगीरला जाऊन येत होतो. त्या पेट्रोलपंपाजवळ थांबत होतो, ट्रक जाऊ देत होतो, आणि रस्ता पार रिकामा झाला की वळत होतो. परत आल्यावर वहीत सेकंद लिहीत होतो आणि वही मुद्दाम स्वयंपाकघरात, डब्यांच्या शेजारी, उघडी ठेवत होतो. ती वाचते की नाही हे कळायला मार्ग नव्हता. एकदा पानावर हळदीचं बोट दिसलं.

परवा संध्याकाळी ती धार काढत होती. मी गोठ्याच्या दारात उभा राहिलो आणि विचारलं, "उद्या उदगीरला जातोय. येतेस का?"

तिनं वर पाहिलं नाही. धारेचा आवाज चालू होता. मी मनातल्या मनात मोजायला लागलो, सवयच लागली आहे. एक. दोन. तीन. चार. गायीनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. पाच. सहा.

"तांदूळ संपलेत," ती म्हणाली. "दहा किलो घ्यावे लागतील. एस्टीत कोण उचलणार?"